बाबांचा जबाब

मी परदेशी निघालो त्या दिवशी काळाचौकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोली तशी आमची नव्हेच, गावकऱ्यांची. मालवणकडच्या आमच्या गावातला कुणीही पुरुष मुंबईत आला की वळकटी घेऊन तिथेच उतरायचा. गिरणी बंद पडल्यापासून बाबा त्या खोलीचे कारभारी. सगळ्यांनी मिळून माझी बॅग दोरीने अशी करकचून आवळली, की विमानतळावर ती सोडताना माझी काय फजिती झाली ते माझ्यासारखं निघून आलेल्यांना सांगायला नको. निघताना बाबा म्हणाले, "थंय कोण गावचो इलो तर इचारीत बसू नको, आधी जागा कर."

इथे मी ज्या कचेरीत दुभाषा आहे, तिचं काम नेमकं विचारीत बसण्याचं. दहशतवादाच्या प्रकरणांत वेगवेगळ्या देशांची तपासखाती एकमेकांना माहिती पुरवतात. भारतातून येणारे मराठी-हिंदी कागद मी इंग्रजीत करतो. या कामाचा मला अभिमान आहे. स्फोटाआधी माणूस सापडला की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

काही वर्षांपूर्वी असाच एक माणूस तिसऱ्याच देशात पकडला गेला. त्याच्या जुन्या सिमकार्डाच्या कागदांवर पत्ता होता आमच्या खोलीचा. कुणाच्या तरी ओळखीने तो चार दिवस येऊन राहिला होता आणि जाताना लाइट बिलाची झेरॉक्स घेऊन गेला होता. बाबांनी रीतीप्रमाणे त्याला काही विचारलंच नव्हतं. मी लगेच साहेबांना सांगितलं, तिथे माझे वडील राहतात. त्यांनी आभार मानले, मला प्रकरणातून बाजूला केलं आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही अशी ताकीद दिली. मी ती पाळली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिलो. पोलीस कुठल्याही दिवशी दारात उभे राहतील हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

शेवटी बाबांना पोलीस स्टेशनात बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं. हे मला शेजारच्या सुमनकाकूंकडून कळलं. बाबा त्या रविवारी एवढंच म्हणाले, "हयसर उकाडो खूप आसा."

मग एके सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. म्हणाले, तुमच्या वडिलांनी जबाबात सांगितलंय, मुलगा परदेशात हॉटेलात स्वयंपाकी आहे. हे कसं काय? माझ्या लगेच लक्षात आलं. मी इथे कुठल्याशा सरकारी कचेरीत आहे, एवढंच बाबांना माहीत होतं. आपल्यावरचा चिखल पोराच्या नोकरीवर उडू नये म्हणून बाबांनी मला स्वयंपाकी करून टाकलं होतं. ज्यांच्यापासून मला लपवलं, ते आणि मी एकाच कामाला जुंपलेले आहोत, हे त्या भोळ्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

मी खरं ते लिहून दिलं. वडिलांनी दिलेली माहिती चुकीची आहे, असं. खाली सही केली. तो कागद रीतसर मुंबईला गेला आणि बाबांना पुन्हा बोलावणं आलं. "काका, या वयात खोटं बोलता?" असं त्यांना मुलाच्या वयाच्या अंमलदाराने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे. लिहिणं भाग होतं, त्यात मला शंका नाही. तरी लाज वाटते. त्याहून जास्त लाज वाटते ती याची, की सही केल्यावर मला आधी हायसं वाटलं. नोकरी वाचली होती.

त्या माणसाचा खटला संपल्यावर मी मुंबईला गेलो. पोलिसांच्या फेऱ्यांना कंटाळून गाववाले कधीच पांगले होते. भर दुपारी बाबा एकटेच रेडिओ लावून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तो कागद मीच..."

"माका ठाऊक आसा," ते म्हणाले. "पोलीस सायबान वाचून दाखवल्यान." आणि रेडिओचा आवाज कमी करीत, "तुझ्या नोकरेक काय धक्को नाय ना लागलो?"

मी नाही म्हणालो.

"मगे झाला तर," म्हणत ते माझ्यासाठी मासे आणायला पिशवी घेऊन निघाले.

इथे कुणी घर कुठलं विचारलं, तर मी अजून काळाचौकीच सांगतो. पण त्या घरात मला कुणी जाब विचारत नाही. एकदा विचारला असता, तर तिथे मान वर करून बसता आलं असतं.