संमतीपत्राची प्रत

पीएचडीच्या कामासाठी वर्षभरानं पाड्यावर गेले, तेव्हा सखूमावशीनं पिशवीतून एक जपून ठेवलेला कागद काढला. गेल्या खेपेला मुलाखतीआधी मी दिलेली संमतीपत्राची प्रत होती ती.

“गुडघ्यासाठी सरकारी दवाखान्यात हाच दाखवला. खिडकीवर म्हणाले, हा इथं चालत नाही. तोवर केसपेपर बंद झालेले. ताई, यावर तुमचीच सही ना?”

सही माझीच होती. आरोग्यातल्या विषमतेवर लिहायचं म्हणून मी तासभर तिची दुखणी टिपून घेतली होती. एवढं विचारणारी बाई काहीतरी करेलच, असं तिला वाटलं तर चूक कुणाची? त्या कागदाच्या भरवशावर ती दुखऱ्या गुडघ्यानं डोंगर उतरली आणि तशीच परत चढली.

सहीच्या वर मीच छापलेलं वाक्य होतं: ‘या सहभागामुळे आपले कोणतेही नुकसान होणार नाही.’