हलक्या हाताची वात

हेमंत गेल्याची बातमी मला आईने दिली. तो राहायचा इथे परदेशात, पॉइंट कुकमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत, आणि बातमी आली चिंचवडहून! फ्रीवेवर मागून ट्रकने धडक दिली, जागच्या जागीच... त्याच्या बायकोने, मेघनाने, पहिला फोन माझ्या आईला लावला. "काकूंशिवाय कोणाशी बोलावं तेच सुचेना रे," असं ती मला नंतर म्हणाली. मी ऑफिसच्या जिन्यात उभा, आणि पलीकडे आई हुंदके देत म्हणतेय, "माझा हेमंत गेला रे!" मला रडू फुटलं. पण खरं सांगतो, त्या 'माझा'ने पोटात जळलंसुद्धा. माणूस गेला त्या घटकेलाही मी त्याच्यावर जळत होतो.

तशी ही जळायची सवय जुनीच. युनिला, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, आम्ही एकत्र आलो, एका खोलीत राहिलो, सिगरेटही एकत्रच धरली. ती सोडायची म्हणून पुढे व्हेप, ती बॅटरीवरची वाफेची सिगरेट, आली. पण तयार मिळणारी वस्तू वापरेल तर तो हेमंत कसला! बारीक तार स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर गुंडाळून स्प्रिंगसारखी कॉइल करायची, तिची दोन्ही टोकं स्क्रूखाली आवळायची, मग कॉइलच्या पोटातून कापूस ओवायचा. कापूस लिक्विड ओढतो, तार तापते, वाफ होते. त्याची कॉइल पाहत राहावी, वेढ्याला वेढा अगदी खेटून. माझी म्हणजे झोपेतून उठलेल्या पोराचे केस. कापसात मात्र आम्ही दोघेही नापास. उशी भरावी तसा कोंबायचो आणि पहिल्याच झुरक्याला करपट चव, ठसका, डोळ्यांत पाणी. "नो वरीज मेट, परत करू," हेमंत म्हणायचा. मी चिडायचो, तो परत करायला बसायचा.

मग आई व्हिजिटर व्हिसावर आली. एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, ती डायनिंग टेबलाशी देवाच्या वाती वळत बसली होती आणि समोर हेमंतने आपला पसारा मांडलेला. मघापासून ती त्याच्याकडे बघत होती. शेवटी मला म्हणाली, "सर्दी झालीय का रे याला? सारखी वाफ घेतोय." मी तोंड उघडायच्या आत हेमंत म्हणतो, "हो ना काकू, सायनस!" आईला लगेच कळवळा. "मग निलगिरीचे दोन थेंब टाक की त्यात. इथे तर झाडंच झाडं आहेत मेली." एवढ्यात तिचं लक्ष त्याच्या कापसाकडे गेलं.

"अरे, ही काय वात झाली? एवढी घट्ट वळलीस तर तेल चढेल का तिच्यात? काजळणारच. सैल ठेवलीस तर गळेल. कापूस आधी विंचर, आणि हात हलका ठेव."

तिने एक वळून दाखवली, त्याने तिच्यामागून दुसरी. ती कॉइलमध्ये ओवली, टोकं कातरली, झुरका घेतला... करपट वासाचा लवलेश नाही! बेट्याने उठून चक्क आईच्या पाया पडून घेतलं. "हात हलका आहे हो याचा," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "तू शीक जरा. तुझा लहानपणापासून धसमुसळा." मी शिकायलाच बसलो होतो शेजारी, तिला दिसलं नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ते 'हलका हात' मला माझ्या नावाने ऐकायचं होतं.

आई परत गेली. पुढे व्हेपचा कायदा बदलला, दुकानं बंद झाली, हेमंतने व्हेपही सोडली. वाती सोडल्या नाहीत. तारा ठेवायच्या पत्र्याच्या डबीत वाती भरून तो आमच्या देवघरात आणून ठेवायचा. वळताना आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि दोघं खिदळत बसायची. मला आई जेवलास का विचारायची. गप्पा सगळ्या त्याच्याशी!

तेराव्याला आईचा फोन आला. "त्याच्या फोटोपुढे दिवा लाव आणि मला दाखव. वात त्याचीच घाल हं." डबी उघडली तर आत तारेचे तुकडे आणि कापसाचा एक पुंजका. वाती संपल्या होत्या... मग मी बसलो वळायला. पहिली दोरखंडासारखी झाली, दुसरीही तशीच. नंतर रडून रडून हातात जोरच उरला नाही, आणि तेव्हा वळली ती लावली. फोन दिव्यासमोर धरला. ज्योत सरळ उभी, काजळीचा पत्ता नाही.

"बघ," ती डोळे पुसत म्हणाली, "लगेच ओळखली मी. असा हलका हात दुसऱ्या कोणाचा असणार?"

अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

"हो गं आई," मी म्हटलं, "त्याचीच."

डबी अजून देवघरात आहे. तिच्यातल्या वाती संपत कशा नाहीत, हे आईने अजून विचारलेलं नाही.