थिजलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली दिसली आणि धुळ्याजवळच्या आमच्या मळ्यातली तशीच एक गार सकाळ आठवली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मक्यात रानडुकरं शिरायची, म्हणून सासऱ्यांकडे, आबांकडे, परवान्याची बारा बोअर बंदूक होती. एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढायचं. आदल्या दिवशी मी ती हौसेनं साफ केली. रॉकेल आणि जुन्या ब्रशानं नळीखालची काजळी खरवडली. बंदुकीचं तेल संपलं होतं, म्हणून सढळ हातानं खोबरेल लावलं.

पहाटे आबांनी हवेत एक बार उडवला. दुसरा उडेचना. डुक्कर मात्र सरळ अंगावर आलं. आबा निंबावर चढून वाचले आणि एका चपलेनिशी घरी आले. बंदूक खोलून त्यांनी काजळीत मळलेला घट्ट गोळा बोटावर घेतला, हुंगला.

“सूनबाई, बंदूकले केस शेतस का?”

बंदुकीला केस आहेत का, या त्यांच्या प्रश्नावर मी शरमेनं मान खाली घातली. संध्याकाळी त्यांनी बंदूक पुन्हा माझ्याच पुढ्यात ठेवली, शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती.

आज परवाना माझ्या नावावर आहे, आणि दुसरा बार कधीच अडकत नाही.