राणीचं नाक

चाव्यांच्या दुकानातले काका आयुष्यात एकाच बाईवर भाळले, आणि ती होती सोन्याच्या नाण्यावरची राणी. नाणं आजोबांकडून आलेलं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. असली नाणी जगात चार-दोनच उरलीत, असं आजोबा सांगायचे. म्हातारा एक नंबरचा थापाड्या, पण ही थाप नेमकी खरी निघाली.

आजोबांनी काढून ठेवलेला नाण्याचा जुना फोटो पाहून संग्रहालयातल्या बाई हरखल्या. "नाणं असंच असेल तर काचेत मांडू, खाली तुमचं नाव लिहू," म्हणाल्या. झालं! काकांचे पाय जमिनीवर ठरेनात. जन्मभर लोकांची कुलपं उघडली, पण दुकानाच्या पाटीवरसुद्धा नुसतं 'चाव्या'. नाव विचारतो कोण?

धास्ती एकच, काकूंची. काकूंना डाग दिसला की हात शिवशिवतात. घरातली भांडी घासून घासून पातळ झालेली. जुनं नाणं घासलं की मातीमोल, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून नाणं दुकानातच, स्वतः घडवलेल्या कुलपात. संध्याकाळी काम आवरलं की ते बाहेर काढायचं, राणीच्या चेहऱ्यावरून प्रेमाने अंगठा फिरवायचा आणि मग घरी जायचं. अंगठा तरी कसला! चावी कानशीने घासली की काका त्याच अंगठ्याने धार चाचपायचे. लोखंडाचा कीस कातडीत मुरलेला.

संग्रहालयात काका काकूंना मिरवायला घेऊन गेले. बाईंनी नाण्यावर भिंग धरलं, मग फोटोवर, मग पुन्हा नाण्यावर.

"राणीचं नाक कुठं गेलं?"

काकांचं धाबं दणाणलं. ते काकूंवर उखडले, "घासलंस ना शेवटी? तुझ्या हाताला चैन म्हणून पडत नाही!"

"अहो, तुमच्या त्या कुलपाची किल्ली मी बापजन्मात पाहिली नाही!"

"घासलेलं नाही," बाई म्हणाल्या. "जहाज कोरं करकरीत आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं फक्त चेहऱ्यावरून बोट फिरवलंय. खरखरीत बोट. माफ करा, काचेत नाही मांडता येणार."

काकांनी अंगठा खिशात लपवला. काकूंनी तो बाहेर ओढून काढला, उलटसुलट पाहिला. काकांना वाटलं, आता सगळ्यांदेखत उद्धार होणार. पण काकू बाईंकडे वळल्या.

"बाई, जरा माझं नाक बघा हो भिंगातून. लग्नात होतं तस्संच आहे. एक रेघसुद्धा झिजलेली नाही."

बाईंना हसू आवरेना. काकांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव गेलं ते गेलंच, वर हे.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. नाणं काकांच्या खिशात तसंच पडून होतं, त्यांनी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने, आजूबाजूला कुणी बघत नाहीसं पाहून, त्यांनी अंगठा हळूच काकूंच्या गालाकडे नेला.

काकू खिडकीबाहेरच बघत होत्या.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या.