मुरुमच्या अंगणातली हिमनदी

पुण्याहून उमरग्याजवळच्या मुरुमला निघाले तेव्हा शेजारच्या प्रवाशानं विचारलं, काय करता? हिमनद्यांचा अभ्यास करते म्हटल्यावर तो एकदा माझ्याकडे आणि एकदा खिडकीबाहेरच्या करपलेल्या माळाकडे बघत राहिला.

त्याचं काही चुकलं नाही. हवा तापतेय तशी हिमालयातली हिमनदी किती आटतेय, हे आम्ही बर्फात खोल काठ्या रोवून मोजतो. वर्षानं जायचं आणि काठी किती उघडी पडली ते बघायचं. भोकं पाडणारा आमचा माणूस यंदा काम सोडून गेला. गटप्रमुख असलेल्या सरांनी सरळ सांगितलं, दुसरा मिळाला नाही तर मोहीम रद्द. म्हणून मी शिवलिंगआप्पांच्या दारात उभी होते. विहिरीत उतरून आडवं बोअर (विहिरीच्या भिंतीत पाण्यासाठी पाडलेलं आडवं भोक) मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं ऐकलं होतं.

आधी जेवण. आप्पांच्या बायकोनं, गंगाक्कांनी, हुग्गी (गव्हाची खीर) इतक्या आग्रहानं वाढली की मला भिंतीला टेकून बसावं लागलं. नवरा-बायको आपसात कानडीत बोलत होते आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होते. मला कानडी येत नाही, पण विषय मीच होते एवढं कळलं.

मग परीक्षा. बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणवली आणि अंगणात मांडली. निम्मी गल्ली गोळा झाली. एका आजींनी सरबत कधी मिळणार म्हणून चौकशी केली. आप्पांनी सुबक भोक पाडलं, काठी बसवली आणि मी नको म्हणायच्या आत अंगणातले काळे दगड बुंध्याशी पक्के रचले, कुंपणाच्या खांबाला लावतात तसे. दगड सकाळपासून उन्हात तापलेले. चहा होईपर्यंत ते बर्फात खचले आणि काठी आडवी झाली. गल्ली पोट धरून हसली.

मीही हसले. वर शहाणपणा शिकवला, की काळा दगड ऊन पितो आणि भोवतीचा बर्फ वितळवतो. आप्पांचा चेहरा पडला.

"खांबाला दगड लावला न्हाय तर आमच्याकडं बैलबी हसंल," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ताई. आमचं काम न्हाय ते."

ते हत्यारं पुसून पोत्यात भरू लागले. माझ्या आगाऊपणानं मोहीम तिथंच बुडत होती. मग मात्र मला खरं बोलावं लागलं. मी याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शेतकऱ्याची लेक. पहिल्या वर्षी एक काठी मी एकटीनं रोवली होती आणि वडिलांनी शिकवलं तसे तिच्या बुंध्याशी दगड लावले होते. वर्षानं गेले तर भोवती खड्डा. हिमनदी आटलीच होती, पण तिथं माझ्या दगडांनीही हातभार लावला होता. मी दगड गुपचूप बाजूला केले आणि आलेलं माप सरांना तसंच दिलं.

"म्हंजी खोटं माप दिलं व्हय?"

"हो."

आप्पांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"विहिरीला पाणी लागलं न्हाय तर म्या न्हाय लागलं म्हणून सांगतो. मालक शिव्या घालतो, तरी सांगतो. आधी तुमच्या साहेबास्नी सांगा. मग येतो."

परतीच्या गाडीतून सरांना फोन लावला. ते सोलापूर येईपर्यंत बोलतच होते. त्या काठीचं माप रद्द झालं आणि त्याचं कारण मीच माझ्या अक्षरात लिहायचं ठरलं. मला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. हवेनं वितळवलेला बर्फ कुठला आणि मी वितळवलेला कुठला, हे ती हिमनदी काही येऊन सांगणार नव्हती. ते सांगणं माझंच काम होतं आणि मी ते टाळलं होतं.

सोलापूर सोडलं आणि आप्पांचा फोन आला.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"रागावले?"

"लई."

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "आता सांगा, स्वेटर किती घेऊ?"