पाचवीची शाळा

आमची चाळ लालबागला होती, पण आमच्या मजल्यावर सगळं राज्य गावाचंच. समोरची मोठी खोली आमच्या गावकऱ्यांची. गावाहून येऊन गिरणीत लागलेले वीसेक बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. आई त्यांची खाणावळ चालवायची.

चाळीत किती माया होती, असं आता सगळे म्हणतात. मी ऐकून घेते. मला सगळे ‘बाय’ म्हणायचे आणि त्याच दमात आणखी एक भाकरी मागायचे.

मला शाळा आवडायची. वाटण वाटताना मी मनात पाढे म्हणायची. शुद्धलेखनात माझी चूक सापडली तर बाईंनाच नवल वाटायचं. पण गल्लीतली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी रस्त्यापलीकडच्या शाळेत, तीही दुपारची. आणि दुपारीच दुसऱ्या पाळीची माणसं जेवून कामाला निघायची.

चौथीचा निकाल लागल्यावर बाई एका रविवारी घरी आल्या. पंगत बसली होती. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, “हिला पाचवीत घाला. हुशार आहे.”

बाबा जेवता जेवता म्हणाले, “माका काय विचारतास? तिकाच विचारा.”

बाईंनी विचारलं, “काय गं, यायचंय ना तुला?”

माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. नऊ-दहा बाप्ये घास थांबवून माझ्याकडे बघत होते. गावकरी जेवत असताना आमच्यात मुली बोलत नसत. आईसुद्धा जे हवं-नको ते चुलीपाशी बसून बाबांना खुणेने सांगायची. मी मान खाली घातली आणि पुढच्या ताटात आमटी वाढली.

“बगलात?” बाबा म्हणाले. “तिकाच नको.”

पंगतीतला म्हातारा गाववाला म्हणाला, “चेडवाक अक्कल आसा हो. आवशीचा हाल कळता तिका.” आईचे हाल कळणारी पोर म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं कौतुक माझं आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.

बाई थोडा वेळ थांबल्या. मी वर बघेन असं त्यांना वाटलं असेल. मग त्या गेल्या.

दोन वर्षांनी धाकटा भाऊ पाचवीत गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही. आईने नवी चड्डी शिवली आणि हाताला धरून पोचवून आली.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. भाऊ तिथेच अकराव्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेले होते. त्याच्या नातीला शाळेतून घरच्या मोठ्या माणसांची माहिती लिहून आणायला सांगितली होती. तिने मला विचारलं, “आजी, तू चौथीतच शाळा का सोडलीस?”

भाऊच म्हणाला, “तिला आवडच नव्हती गं. बाई घरी आल्या होत्या, तरी ही गेली नाही.”

मी म्हटलं, “मला आवडायची शाळा.”

माझा आवाज मलाच कसातरी वाटला. भाऊ हसला. “मग तेव्हा बोलायचं ना, ताई. कोणी तोंड धरलं होतं तुझं?”

कोणीच धरलं नव्हतं. नातीने वहीकडे बघत विचारलं, “मग मी काय लिहू?”

भाऊ म्हणाला, “लिही, आवड नव्हती.”

तिने लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं.