सॉकेट काढलेला मीटर

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाला हाका ऐकू येतात... मी खालापूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. करंट असेल तर दिवा लागतो, नसेल तर नाही. माझं अध्यात्म तिथेच संपतं.

आमचं घर पोशीरला, नेरळजवळ. गाडी जुनी, सेकंडहँड, पण मीटर डिजिटल. हिरवे आकडे, आणि दार उघडं राहिलं तर गाडीचं छोटं लाल चित्र. दसऱ्याला मी गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला. तेवढ्यात आईने नारळाचं पाणी घेतलं आणि आत वाकून थेट मीटरवर शिंपडलं. चांगलं ओंजळभर. मी ओरडलो, तर म्हणते, "गाडीचं तोंड ह्येच ना रं? मग टायरला पाजून काय उपेग?"

झालं. आठाचा तीन दिसायला लागला, उभी गाडी ऐंशीने पळायला लागली, आणि दिवाळीपर्यंत मीटर ठार बंद. फ्यूज बदलला, बॅटरीचे टर्मिनल घासले, अर्थिंग तपासलं. मीटर खोलला तर मागून करंट आणणाऱ्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडलेल्या. त्या साफ केल्या, तरी ढिम्म. कर्जतच्या रिपेअरवाल्याने बोर्ड बघून हात वर केले. शेवटी शॉर्टसर्किट नको म्हणून मी सॉकेट काढला, त्याला टेप मारला, आणि मीटर नुसता भोक झाकायला परत बसवला. हे माझ्या हाताने केलंय, म्हणून ठासून सांगतो — त्या मीटरला करंटच नव्हता.

पुढे एका रविवारी दुपारी आईला घेऊन लोधिवलीला निघालो, माझ्या बहिणीकडे, सुमीकडे. पुढचा पट्टा गळ्याशी काचतो म्हणून आई मागे बसली. कर्जत सोडलं आणि ती दाराला टेकून झोपली. चौकला जुन्या हायवेला लागलो, वेग घेतला. मागे एक ट्रेलर होता.

आणि मीटर लागला.

आकडे वगैरे काही नाही. फक्त ते लाल चित्र — मागचं डावं दार उघडं. खरं सांगू? मला भीती नाही वाटली, राग आला. म्हटलं, कुठेतरी शॉर्ट झालंय, आता वायरिंग पेटणार. एक शिवी हासडली आणि गाडी कडेला घेतली. ट्रेलर हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला.

उतरून मागे गेलो, तर आईच्या पदराचं टोक दारातून बाहेर आलेलं. दार लागलंच नव्हतं. त्या कापडाच्या बोळ्यावर कसंबसं अडकलं होतं, आणि आईचा सगळा भार त्या दारावर. मी नुसता हात लावला, तर दार उघडलं आणि आई माझ्या अंगावर आली.

"का रं," ती झोपेतच म्हणाली, "सुमीचं घर आलं काय?"

"येतंय," म्हटलं आणि तिला तसंच धरून उभा राहिलो. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता, आणि मला रडू आवरेना.

तिला नीट बसवून मीटर उचकटला. सॉकेट टेपसकट तसाच लोंबत होता. काच काळी. नंतर घरी थेट बॅटरी जोडून बघितली, कारखान्यातल्या मित्रांना दाखवला. मेलेलाच. एकजण म्हणाला, उन्हाची तिरीप असेल. असेलही, पण तिरिपेला डावं दार कसं कळलं?

त्या दिवशी अंगणातच सुमीला सगळं सांगितलं. मी वायरिंगचंच बोलत होतो, ती ऐकतच नव्हती. आईचा पदर कमरेला घट्ट खोचून देत म्हणाली, "कुनी का लावला असंना दादा, लागला ना येळेवर."

तिचं काम तेवढ्यावर भागलं. माझं भागत नाही, कारण आभार मानायचे तर कुणाचे, तेच मला कळत नाही. म्हणून इथे लिहिलं. ज्याने कुणी तो दिवा लावला, त्याच्यापर्यंत पोचलं तर पोचेल — आई घरी आहे, बरी आहे.